खिशातला विमा, पत्र्यापुरता

लास वेगासला विमानातून उतरलं की भाड्याची गाडी दारात मिळत नाही. बसने थोडं लांब जाऊन एका वेगळ्या इमारतीत पोचावं लागतं, आणि ती अख्खी इमारत भाड्याच्या मोटारींचीच. आत कंपन्यांची काउंटरं ओळीने, त्यांच्यासमोर पट्ट्यांमधून वळणं घेत सरकणाऱ्या रांगा, आणि मागे मजल्यांवर मजले गाड्या उभ्या. जुलै २०२४चा पहिला आठवडा होता. बाहेर पारा चढतच होता. ७ जुलैला त्या शहराने १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सिअस, असा आपला आजवरचा उच्चांक नोंदवला. आत मात्र गारठा होता, आणि काउंटरवरची मुलगी अगदी हसतमुखाने आम्हाला विचारत होती की गाडी ठोकलीत तर पैसे कोण भरणार.

प्रश्न एकाचे दोन, दोनाचे चार होत गेले. गाडीला मार लागला किंवा ती चोरीला गेली, तर कंपनी तुमच्याकडे वसुलीला येणार नाही. या वसुलीमाफीचे दिवसाला तीस डॉलरच्या आसपास. दुसऱ्या कुणाला इजा केलीत, दुसऱ्याची गाडी फोडलीत, तर त्याचं कव्हर वेगळं. आत बसलेल्यांना लागलं तर त्याचं वेगळं. बॅगा चोरीला गेल्या तर त्यांचं वेगळं. रस्त्यात टायर फुटला, किल्ली आत राहिली, तर त्या मदतीचे आणखी काही डॉलर. गाडीचं मूळ भाडं दिवसाला साठ डॉलर होतं, आणि सगळ्याला हो म्हटलं असतं तर विमाच भाड्याच्या वर गेला असता. मी मनात रुपये करून पाहिले आणि लगेच सोडून दिले.

इथे माझी ओळख सांगायला हवी. मी नोकरीची सगळी वर्षं नाशिकला एका सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर काढली. दाबलेली बोनटं, फुटलेले हेडलाइट, सर्व्हेअरचे अहवाल, गॅरेजवाल्यांची फुगवलेली बिलं, प्लास्टिकच्या आणि रबरी भागांवर कापलेला ५० टक्के घसारा आणि तो कापला म्हणून टेबलावर हात आपटणारे गाडीमालक, हे माझं जग. सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं, २७ ते ३० जूनला, त्या निमित्ताने मी भाच्याकडे गेले होते. अधिवेशन आटोपलं, पुरणपोळी झाली, नाटकं झाली, आणि मग भाचा, भाचेसून, त्यांची मुलगी आणि मी असे ग्रँड कॅन्यन पाहायला निघालो. कॅन्यन पाहायला म्हणून निघालेली मी त्या काउंटरवरच थबकले. आयुष्यभर विमा पाहिलेल्या बाईला असा विमा पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

कारण भाचा एकेका प्रश्नाला "डिक्लाइन" म्हणत होता.

"अरे, निदान गाडीचा तरी घे," मी म्हटलं.

"मावशी, तो माझ्या कार्डात आहे."

"कसल्या कार्डात?"

"क्रेडिट कार्डात. याच कार्डाने भाडं भरतोय ना, म्हणून."

कसला प्रपोझल फॉर्म नाही, तपासणी नाही, प्रीमियमची पावती नाही, पॉलिसी नंबर नाही. कार्ड मशीनला लावलं, 'पीप' आवाज झाला, आणि तीस-पस्तीस हजार डॉलरची गाडी विम्याखाली आली. अटी मात्र आहेत, आणि त्यातली एक ऐकून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. भाडं पूर्ण त्याच कार्डावर हवं. करारावर पहिलं नाव कार्डधारकाचंच हवं. आणि भाडे कंपनीची वसुलीमाफी तुम्ही नाकारलेली हवी. ती घेतलीत तर कार्डाचं संरक्षण गेलं. विमा नाकारणं ही विमा मिळण्याची अट असलेला देश मी पहिल्यांदाच पाहत होते.

काउंटरवरची मुलगी हे सगळं ऐकत होती. तिला नवल नव्हतं. दिवसातून शंभरदा ऐकत असणार. तिने एकदाच विचारलं, "तुमचं कार्ड हे नक्की देतं ना, याची खात्री केलीत?" भाचा "हो" म्हणाला. मग तिने पडद्यावर एकेका ओळीसमोर आद्याक्षरं करायला लावली. इथे नाही, इथे नाही, इथे नाही. नकारावर एवढ्या सह्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मग तिने शेवटचं आमिष दाखवलं. तुम्ही ठरवलेल्या आकाराची गाडी धुऊन यायला वेळ आहे, तर त्याच भावात मोठी पिकअप देते. चार दारांची, उंच, चकचकीत काळी. भाचेसुनेचे डोळे चमकले. भाचा म्हणाला, "नको, आम्ही थांबतो." भाचेसुनेच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटलं तसं त्याने मराठीत सांगितलं की मागे उघडा हौदा असलेली गाडी कार्डाच्या यादीत बसत नाही. तशीच मोटारसायकल बसत नाही, जुनी संग्रहातली गाडी बसत नाही, फेरारी-लँबोर्गिनीसारखी महागडी बसत नाही, आठ-नऊ जणांहून जास्त बसतील अशी व्हॅनही बहुतेक कार्डांना चालत नाही. तीन-चार मराठी कुटुंबं मिळून मोठी पंधरा सीटची व्हॅन घेतात, भेंड्या लावत निघतात आणि समजतात की कार्ड आहे. नसतं. आम्ही अर्धा तास बाकावर बसलो आणि एक पांढरी, मध्यम, कुठल्याही अंगाने लक्षात न राहणारी एसयूव्ही घेऊन निघालो. निघण्याआधी भाच्याने तिच्याभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला; चाकं, बंपर, काच, छप्पर, मीटरचा आकडा, सगळं. आमचे सर्व्हेअर इतकं मन लावून काम करते तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

किंगमनच्या रस्त्याला लागल्यावर मी त्याला बोलतं केलं. एवढं फुकट कोण देतं? फुकट नाहीच. दुकानदार प्रत्येक व्यवहारामागे दोन-तीन टक्के कार्डवाल्यांना देतो, काही कार्डांची वार्षिक फी असते, आणि त्या पैशातून कार्ड कंपनी एखाद्या विमा कंपनीकडून सगळ्या कार्डधारकांसाठी ठोक विमा विकत घेते. माझ्या भाषेत सांगायचं तर ग्रुप पॉलिसी. कारखान्यातल्या कामगारांना माहीतही नसतं आणि त्यांचा अपघात विमा उतरलेला असतो, तसलीच. फक्त इथे कारखाना म्हणजे बँक आणि कामगार म्हणजे खर्च करणारे लोक.

कार्डातल्या या विम्याचा जन्म १९८०च्या दशकातला. गाडी भाड्याने देण्याचा धंदा त्याच्या कितीतरी आधीचा. शिकागोत वॉल्टर जेकब्सने १९१८ साली बारा फोर्ड मॉडेल-टी गाड्यांवर तो सुरू केला, आणि पुढे त्याचीच हर्ट्झ झाली. वॉरन एव्हिसने १९४६ मध्ये मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर दुकान मांडलं, म्हणून विमानातून उतरून गाडीत बसण्याची आजची सवय. सेंट लुइसची एंटरप्राइझ वाढली ती तर आमच्याच लोकांच्या जिवावर: तुमची गाडी अपघातानंतर गॅरेजात असेल तोवर विमा कंपनी तुम्हाला दुसरी गाडी भाड्याने देते, हा तिचा हक्काचा धंदा. या कंपन्यांना ऐंशीच्या दशकात कळलं की गाडीपेक्षा वसुलीमाफी विकण्यात नफा जास्त आहे. काउंटरवर दमलेला, झोपाळलेला प्रवासी उभा, त्याला भीती घालायची आणि सही घ्यायची. तक्रारी इतक्या वाढल्या की न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये ती विकण्यावरच बंदी आणली. ती २००३ मध्ये उठली. त्याच काळात श्रीमंत प्रवाशांना ओढायला धडपडणाऱ्या कार्ड कंपन्यांनी हा विमा आपल्या सोनेरी कार्डांत घातला. पुढे तो साध्या कार्डांवरही आला, आणि आता काहींवरून परत चालला आहे. डिस्कव्हरने २०१८ मध्ये काढला, सिटी बँकेने २०१९ मध्ये बहुतेक कार्डांवरून काढला. लोक वापरतच नाहीत, असं कारण सांगितलं गेलं. खिशात विमा आहे हेच ठाऊक नसल्यावर वापरणार कोण?

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर आम्ही दुपार उतरताना पोचलो. त्याचं वर्णन मी करणार नाही. ते करणाऱ्यांनी शब्दांची इतकी आतषबाजी केलेली आहे की आता धूरच उरला आहे. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. खाली जवळजवळ एक मैल खोल दरी, आणि काही ठरावीक जागा सोडल्या तर कड्याला कठडाच नाही. पायवाट आहे, मग खडक आहे, मग काही नाही. लोक कडेला बसून सँडविच खात होते. पोरं उड्या मारत होती. सही कुणी मागितली नाही, आद्याक्षरं कुणी घेतली नाहीत. सकाळी एका बंपरच्या ओरखड्यासाठी ज्या देशाने आमच्याकडून पानभर कबुलीजबाब घेतला, त्याच देशाने संध्याकाळी आमचा जीव आमच्याच हवाली केला. तुमचा जीव तुमचा, पण गाडी दुसऱ्याची. मला हे आधी चमत्कारिक वाटलं आणि नंतर त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही दिसला.

रात्री हॉटेलात भाच्याने कार्डाची लाभ-पुस्तिका मोबाइलवर उघडून माझ्या हातात दिली. अक्षर बारीक, पण मला बारीक अक्षराची सवय आहे. अमेरिकन लोक या कार्डांचे दोन वर्ग करतात, प्रायमरी आणि सेकंडरी. प्रायमरी म्हणजे नुकसान झालं की आधी कार्डच पैसे देणार. सेकंडरी म्हणजे आधी तुमच्या स्वतःच्या घरच्या गाडीच्या विम्याकडे जा, तो काय देतो ते बघ, राहिलेलं आम्ही देऊ. लग्नात केटररचं बिल आल्यावर वरपक्ष वधूपक्षाकडे बघतो आणि वधूपक्ष मामाकडे, तसं हे सेकंडरी प्रकरण. ज्याच्याकडे घरचा विमाच नाही त्याच्या बाबतीत मात्र बघायला दुसरं कुणी नसल्याने सेकंडरी कार्डच पहिलं होतं. नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना हे ठाऊक नसतं; ते सेकंडरी कार्ड म्हणजे निरुपयोगी समजून काउंटरवर तीस डॉलर मोजतात.

भाच्याचं कार्ड प्रायमरी होतं. चेजच्या सफायर कार्डांची त्या बाबतीत ख्याती आहे. फायदा असा की घरच्या पॉलिसीवर दावा लागत नाही आणि पुढच्या वर्षी तिचा हप्ता चढत नाही. नो क्लेम बोनससाठी बंपर स्वतःच्या पैशाने रंगवून घेणारे आपल्याकडचे हुशार लोक मला आठवले.

दिवसांचीही मर्यादा असते. काही कार्डांवर स्वतःच्या देशात सलग पंधरा दिवस, परदेशात एकतीस. काहींवर सगळीकडे एकतीस. आणि करारच मर्यादेपेक्षा लांब असेल तर पहिले पंधरा दिवस सांभाळले आणि सोळाव्याला सोडलं असं नाही. पहिल्या दिवसापासून काहीच नाही. नातवंडं बघायला आलेल्या आजी-आजोबांसाठी महिनाभर गाडी घेऊन ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "आणि माणूस?"

"कुठला माणूस?"

"ज्याला तू ठोकशील तो."

पुस्तिकेत तो नव्हता. गाडीचा पत्रा होता, चोरी होती, ओढून नेण्याचा खर्च होता, गाडी दुरुस्तीला असताना कंपनीचं बुडालेलं भाडं होतं. रस्ता ओलांडणारी बाई, समोरच्या गाडीतलं मूल, कुंपण, विजेचा खांब, आतल्या प्रवाशांची मोडलेली हाडं, यातलं काही नाही. कार्ड फक्त तुम्ही भाड्याने घेतलेल्या धातूचं रक्षण करतं. आणि मला धडकी भरली ती इथे. आमच्या टेबलावर उलटं असे. गाडीचा स्वतःचा विमा हौसेचा भाग. थर्ड पार्टी मात्र सक्तीची, १९८८च्या मोटार वाहन कायद्याने, आणि माणूस मेला किंवा अपंग झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर चालक, मालक आणि विमा कंपनी तिघंही उभी असतात. न्याय दहा वर्षांनी मिळतो हा भाग निराळा, पण समोरच्या माणसाचा विचार कायद्याने आधी केलेला आहे.

अमेरिकेत तो राज्याराज्यावर आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीचा विमा सक्तीचाच नाही. आम्ही गेलो तेव्हा भाच्याच्या कॅलिफोर्नियात कायद्याने सांगितलेला किमान विमा होता एका जखमी माणसासाठी १५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ३० हजार, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५ हजार. हे आकडे १९६७ पासून हललेले नव्हते. १ जानेवारी २०२५ पासून ते ३०, ६० आणि १५ हजार झाले. अमेरिकेत हाड मोडून इस्पितळात गेलेल्या माणसाचे १५ हजार डॉलर किती लवकर संपतात हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि भाडे कंपनी? गाडी तिच्या नावावर आहे ना? पूर्वी काही राज्यांत भाडेकरूने केलेल्या अपघाताची जबाबदारी मालक म्हणून कंपनीवर येत असे. २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने वाहतुकीच्या एका मोठ्या विधेयकात एक कलम घातलं. मिसुरीचे प्रतिनिधी सॅम ग्रेव्ह्ज यांच्या नावाने ते ओळखलं जातं. तेव्हापासून केवळ गाडीची मालक आहे म्हणून भाडे कंपनीला भाडेकरूच्या चुकीसाठी धरता येत नाही. राज्याने ठरवलेल्या किमान रकमेपुरतं काय असेल ते असेल. त्यापुढे तुम्ही, तुमचा पगार आणि तुमचं घर.

"माझी घरच्या गाडीची पॉलिसी आहे ना, मावशी. तिची लायबिलिटी भाड्याच्या गाडीलाही लागू होते," भाचा म्हणाला. "मोठ्या रकमेची घेतली आहे." मग मला झोप लागली. पण ज्यांच्याकडे अमेरिकेत स्वतःची गाडी नाही, म्हणून पॉलिसीही नाही, त्यांनी काउंटरवरचा तो दुसरा प्रश्न, दुसऱ्याच्या इजेचा, नाकारू नये. त्याची रक्कम साधारण तीन लाखांपासून दहा लाख डॉलरपर्यंत असते, आणि दिवसाचा भाव वसुलीमाफीच्या निम्म्याच्या आसपास. काउंटरवरच्या यादीत खरोखर विकत घेण्यासारखी गोष्ट तीच. नवल म्हणजे सगळे "कार्ड आहे, कार्ड आहे" म्हणत तिलाही नकार देऊन मोकळे होतात.

पेज गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना घड्याळाचा घोळ झाला, कारण उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही आणि त्याच ॲरिझोनात पसरलेला नवाहो लोकांचा प्रदेश मात्र करतो. लाल मातीच्या सपाटीवर उभे असलेले ते अवाढव्य सुळके जॉन फोर्डच्या १९३९च्या 'स्टेजकोच' चित्रपटाने जगाला दाखवले. नवाहोंनी १९५८ मध्ये तिथे आपलं उद्यान केलं. त्यातून फिरायला सतरा मैलांचा रस्ता आहे, आणि तो कच्चा आहे. लोक गाड्या घालत होते. आमच्या पांढऱ्या एसयूव्हीला काही झालं नसतं. पण भाडे कराराने कच्चा रस्ता मना केलेला होता, आणि कराराचा भंग झाला की कार्डाचं संरक्षणही सुटतं; खुद्द पुस्तिकेतही डांबर सोडून चालवणं वगळलेलं. भाच्याने गाडी वरच्या वाहनतळावर लावली आणि आम्ही एका नवाहो वाटाड्याच्या उघड्या ट्रकमध्ये, बाकावर बसलो.

धूळ नाकातोंडात गेली. वाटाडा मध्यम वयाचा, कमी बोलणारा. दोन हातमोज्यांसारखे दिसणारे सुळके त्याने दाखवले, खासगी गाड्यांना मना असलेल्या आतल्या भागात नेलं, कड्यात वाऱ्याने कोरलेल्या एका मोठ्या छिद्राखाली उताणं झोपायला लावलं आणि म्हणाला, आता वर बघा. कड्याच्या काळ्या रेषांमधून गरुडाचं डोकं दिसत होतं. आपल्या गाडीतून फिरलो असतो तर यातलं काही दिसलं नसतं. विम्याच्या वगळणूक कलमाचे मी आयुष्यात एकदाच आभार मानले, ते तिथे.

परतीच्या वाटेवर एका सुपरमार्केटच्या वाहनतळावर कुणीतरी आपलं दार आमच्या मागच्या दारावर आपटून निघून गेलं. पोचा गुळगुळीत, आंब्याएवढा, मध्ये दुसऱ्या गाडीचा निळा रंग. दोषी गायब. गाडी परत करताना हातात टॅब घेतलेल्या माणसाने तो दोन सेकंदांत हेरला, फोटो काढला, फॉर्म भरून घेतला. आवाजात राग नाही, संशय नाही.

मी नाशिकला परतल्यावर काही आठवड्यांनी भाच्याने व्हॉट्सॲपवर कागद पाठवले. "मावशी, तुझ्या लाइनचं काम आहे." भाडे कंपनीच्या मागणीपत्रात चार ओळी होत्या. दाराची दुरुस्ती. गाडी गॅरेजात होती त्या दिवसांचं बुडालेलं भाडं. कागदपत्रं हाताळण्याचा खर्च. आणि दुरुस्तीनंतरही गाडीची विक्रीची किंमत घटली म्हणून भरपाई. चौथी ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्याकडे डेंट काढून रंग मारला की गाडी पुन्हा 'ओरिजिनल पेंट' म्हणून विकली जाते. किंमत घटल्याचं बिल कुणी कुणाला लावत नाही.

कार्डाच्या दावे विभागाने मागितलेली यादी मात्र मला माहेरासारखी ओळखीची होती: भाडे करार, अंतिम बिल, कार्डाचं विवरणपत्र, फोटो, दुरुस्तीचं तपशीलवार बिल, मागणीपत्र. दावा कळवायला आणि कागद द्यायला ठरावीक मुदती. शेवटी एक कागद असा होता जो मी नोकरीत कधी पाहिला नाही आणि ज्याचा मला अजून हेवा वाटतो. बुडालेलं भाडं मागायचं असेल तर कंपनीने त्या दिवसांची आपल्या ताफ्याची नोंदवही दाखवायची: किती गाड्या होत्या, किती बाहेर गेल्या होत्या. दुसऱ्या गाड्या अंगणात रिकाम्या उभ्या असतील तर तुमचं भाडं बुडालं कसं? साधा, चोख प्रश्न. आमच्या गॅरेजवाल्यांना असा एक प्रश्न कायद्याने विचारता आला असता, तर...

नोंदवही आली नाही. पुढच्या पत्रात बुडालेल्या भाड्याची ओळही नव्हती. दुरुस्तीचे आणि कागदांच्या खर्चाचे पैसे कार्डाने भरले. घटलेल्या किमतीला कार्डाने नकार दिला, तो पुस्तिकेत लिहिलेलाच होता. भाच्याने कंपनीला पत्र टाकून तीच ओळ नाकारली आणि त्यावर उत्तर आलं नाही. सबंध प्रकरणात कार्डाच्या बाजूने गाडी डोळ्यांनी कुणी पाहिली नाही. सर्व्हेअरविना क्लेम पास होताना पाहून मला अर्धा आनंद झाला आणि अर्धा सर्व्हेअरांच्या पोटापाण्याचा विचार आला.

आता जे उन्हाळ्यात मुलांकडे निघणार आहेत त्यांच्यासाठी. भारतातल्या बँकांच्या बहुतेक कार्डांवर भाड्याच्या गाडीचं हे संरक्षण नसतं. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारा, आणि असेल म्हणाले तर ते लेखी मागा. भारतातून आगाऊ बुक करताना काही मोठ्या कंपन्यांच्या भावात वसुलीमाफी आणि दुसऱ्याच्या इजेचा विमा दोन्ही धरलेले असतात, तो भाव आधी बघा. आंतरराष्ट्रीय चालक परवान्याची वही आरटीओतून करून घ्या; ती एका वर्षाची मिळते. पुस्तिका कशीही असो, सॅन फ्रान्सिस्कोत मागच्या सीटवर बॅग ठेवून समुद्र पाहायला जाऊ नका. तिथल्या रस्त्याकडेला काचेचा चुरा मी स्वतः पाहिला, आणि गाडीची काच कार्ड भरेल, आतला पासपोर्ट भरणार नाही. गाडी मुलाच्या कार्डावर घेणार असाल तर करारही मुलाच्याच नावावर करा, आणि बाबांना ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर थोडी चालवायची हौस असेल तर काउंटरवरच त्यांचं नाव दुसरा चालक म्हणून लिहून घ्या. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून लागलेला ओरखडा कुठलंच कार्ड भरत नाही.